'लेइ', 'वोइ' आणि अनुच्चारित कर्ता

बेनेदेत्तो क्रोचे हे नाव मराठी एम.ए.च्या विद्यार्थ्याला साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेपुरते तरी ठाऊक असते. अंतःप्रज्ञा आणि अभिव्यक्ती यांचे अद्वैत, साहित्यप्रकारांच्या वर्गीकरणाला दिलेला नकार, एवढे दोन मुद्दे लिहून तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो. या क्रोचेंविषयी इटलीत एक आठवण सांगितली जाते; आपल्याकडच्या टिपणांत ती सहसा आढळत नाही. क्रोचेंचे बहुतेक आयुष्य नेपल्समध्ये गेले आणि तिथल्या रीतीप्रमाणे परक्या वा वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना ते 'वोइ' हे सर्वनाम वापरीत. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने 'लेइ' या दुसऱ्या आदरार्थी सर्वनामाविरुद्ध मोहीम उघडली आणि सर्वांनी 'वोइ'च म्हणावे असा आदेश काढला. क्रोचेंच्या जन्माच्या सवयीला हा आदेश तंतोतंत अनुकूल होता. तेव्हापासून, असे सांगतात, ते आवर्जून 'लेइ' म्हणू लागले.

सांगणाऱ्यांनी ही आठवण थोडीफार घडवून सांगितली असेल. तरीही १ मे १९२५ रोजी फॅसिझमविरोधी लेखक-विचारवंतांचे जाहीर पत्रक लिहिणाऱ्या माणसाला ती शोभते. आमचे कुतूहल मात्र जरा निराळे आहे. इटालियन ही कर्त्याच्या जागी सर्वनाम न उच्चारताच चालणारी भाषा. बहुतेक वाक्यांत जे ऐकूही येत नाही, त्यासाठी एका राजवटीने परिपत्रके काढावीत आणि एका तत्त्वज्ञाने आपली बोली बदलावी, हे कसे घडले? उत्तर शोधायला थोडे मागे, म्हणजे दान्तेपर्यंत जावे लागते.

प्रथम व्याकरण. 'पार्लो' म्हणजे 'मी बोलतो', 'पार्ली' म्हणजे 'तू बोलतोस', 'पार्ल्यामो' म्हणजे 'आम्ही बोलतो'. कोण बोलतो हे क्रियापदाचा शेवटच सांगतो; 'इओ' (मी), 'तू', 'नोइ' (आम्ही) ही सर्वनामे एरवी गाळलीच जातात. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 'उद्या येतो', 'जेवलीस का?', 'निघालो होतो, पण पाऊस आला' अशी वाक्ये आपण दिवसभर बोलतो आणि त्यांत कर्ता कुठे हरवला असा प्रश्न कोणाला पडत नाही. (गंमत म्हणजे इटालियन 'तू' आणि मराठी 'तू' हे उच्चारातच नव्हे, कुळातही एक आहेत, लॅटिन 'तू' आणि संस्कृत 'त्वम्' ही सख्खी भावंडे.) नवल वाटते ते इंग्रजीच्या सवयीने इटालियन शिकणाऱ्याला. तो प्रत्येक वाक्याच्या आरंभी 'इओ' ठेवतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा गृहस्थ सारखा स्वतःकडे बोट दाखवीत आहे. कारण जिथे मौन हा नियम असतो तिथे उच्चार हा आग्रह होतो. 'इओ पार्लो' म्हणजे केवळ 'बोलतो' नव्हे. 'मी बोलतो, इतर गप्प आहेत', असे काहीतरी. चॉम्स्कींनी १९७९ साली पिसा येथे दिलेली व्याख्याने (ग्रंथरूपात १९८१) आणि लुइजी रित्सी यांचे १९८२चे पुस्तक यांमुळे हा गुणधर्म भाषाविज्ञानात गाजला आणि 'अनुच्चारित कर्ता' म्हटले की इटालियनचे उदाहरण देण्याची प्रथा पडली. मराठीचेही देता आले असते. पण तो वेगळा विषय.

इटलीतल्या सगळ्या बोली मात्र अशा नाहीत. व्हेनिस वा पिमाँतच्या बोलींत क्रियापदाआधी एक आखूड सर्वनाम लावावेच लागते. खुद्द फ्लॉरेन्सच्या बोलण्यातही ती प्रवृत्ती आहे. प्रमाणभाषेतसुद्धा जिथे प्रत्यय दुबळे पडतात तिथे सर्वनाम मदतीला धावते. वर्तमान संकेतार्थात एकवचनाच्या तिन्ही पुरुषांचे रूप एकच असल्याने तिथे 'तू' बहुधा म्हणावा लागतो. म्हणजे सर्वनाम आणि प्रत्यय एकमेकांचा भार वाटून घेतात. ही गोष्ट पुढे मान्झोनींच्या आणि मुसोलिनीच्या, दोघांच्याही प्रकरणात उपयोगी पडेल.

दान्तेच्या काळी संबोधनाची सर्वनामे दोनच होती : 'तू' आणि आदरार्थी 'वोइ', म्हणजे 'तुम्ही'. 'दिव्य सुखान्तिके'त दान्ते भेटेल त्याला 'तू' म्हणतो, व्हर्जिललाही 'तू'च. 'वोइ'चा मान फार थोड्यांना मिळतो. नरकात तो गुरुतुल्य ब्रूनेत्तो लातीनीला मिळतो आणि फारिनाता व कावाल्कान्ते या फ्लॉरेन्सच्या दोन मातब्बरांना. स्वर्गात दान्तेला त्याचा खापरपणजोबा काच्चाग्वीदा भेटतो. ओळख पटण्यापूर्वी दान्ते त्याला 'तू' म्हणतो; हा आपला पूर्वज, धर्मयुद्धात पडलेला वीर, हे कळताच सोळाव्या सर्गात सर्वनाम बदलते आणि लागोपाठ तीन वेळा 'वोइ' स्पष्ट उच्चारले जाते. ज्या भाषेत ते गाळता येते त्या भाषेत तीनदा. बाजूला उभी असलेली बेआत्रीचे हे ऐकून हसते. कुळाचा अभिमान तिने नेमका सर्वनामात पकडला आहे. 'वोइ'ची रीत रोमने प्रथम पाडली, असे दान्ते तिथेच सुचवितो. सीझरच्या सत्कारात ती सुरू झाली अशी मध्ययुगीन समजूत होती. ती दंतकथाच. हॉरेस ऑगस्टसला 'तू' म्हणतो.

बेआत्रीचेलाही दान्ते 'वोइ' म्हणतो आणि हे दीर्घ काळ चालते. एकतिसाव्या सर्गात ती आपल्या आसनावर परतते, दुरून त्याच्याकडे पाहते, आणि निरोपाच्या प्रार्थनेत तो प्रथमच तिला 'तू' म्हणतो. आपण देवाला 'तू' म्हणतो, विठ्ठलाला तर अरेतुरे करतो. त्यामुळे हा बदल जवळिकीचा की उपासनेचा, असा प्रश्न मराठी वाचकाला बहुधा पडणारच नाही. इटालियन भाष्यकारांनी मात्र त्यावर पुष्कळ लिहिले आहे.

तिसरे सर्वनाम, 'लेइ', आले ते पंधराव्या शतकाच्या सुमारास, दरबारी पत्रव्यवहाराच्या वाटेने. सत्ताधीशाला 'तुम्ही' म्हणणेही उद्धट वाटू लागले, तेव्हा त्याच्या सत्तेलाच संबोधण्याची पद्धत पडली. 'वोस्त्रा सिन्योरिया' म्हणजे 'आपली प्रभुता'. 'माएस्ता', 'एच्चेलेन्झा', 'आल्तेझा' या साऱ्या पदव्या व्याकरणाने स्त्रीलिंगी. एकदा प्रभुतेशी बोलायचे ठरले की क्रियापद तृतीयपुरुषी होणार आणि सर्वनाम 'ती' हेच येणार : प्रथम 'एल्ला', पुढे 'लेइ'. म्हणून आजही इटलीत मिशा असलेल्या बँक-व्यवस्थापकाचा निरोप 'आर्रिवेदेर्ला' असा, शब्दशः 'तिला पुन्हा भेटेपर्यंत', घेतला जातो आणि कोणाला हसू येत नाही.

परभाषकांना ही रीत विक्षिप्त वाटते. मराठीत ती आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होती. 'स्वारी आली का?' या प्रश्नात स्वारी म्हणजे घरधनी, आणि क्रियापद बेलाशक स्त्रीलिंगी! नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, 'तुम्ही' म्हणण्याचाही संकोच. तेव्हा माणसाऐवजी त्याच्या मिरवणुकीशी बोलायचे. पेशवाईतल्या पत्रांतही धन्याला थेट 'तुम्ही' न म्हणता 'स्वामींनी आज्ञा केली', 'स्वामींचे सेवेशी विनंती' अशी तृतीयपुरुषी वाट धरलेली दिसते. फरक एवढाच की आपली स्वारी घराबाहेर पडली नाही, सर्वनाम झाली नाही. इटालियन सिन्योरिया झाली.

या 'लेइ'ला व्याकरणाच्या दृष्टीने आणखी एक डाग होता. 'लुइ' (तो) आणि 'लेइ' (ती) ही रूपे मुळात कर्त्याची नव्हेत. लोकलॅटिनमधल्या चतुर्थीच्या रूपांतून ती आली. कर्त्यासाठी 'एल्यी' आणि 'एल्ला' होती. लोक मात्र 'लुइ' कर्त्याच्या जागीही बोलत, आणि मॅकिआव्हेलीसारखा फ्लॉरेन्सचा गद्यकार तसे लिहीतही असे. १५२५ साली व्हेनिसच्या पिएत्रो बेम्बोंचा लोकभाषेवरचा संवादग्रंथ आला. पद्यात पेत्रार्क आणि गद्यात बोकाच्चो हेच प्रमाण, असा त्यांचा निवाडा. त्यांत 'लुइ' आणि 'लेइ' प्रथमेत चालणार नाहीत हेही ठरून गेले. दोनशे वर्षांपूर्वीच्या मृत लेखकांची भाषा जिवंतांना घालून देणारा हा माणूस फ्लॉरेन्सचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. परप्रांतीयाने पुस्तकातून शिकलेली भाषा ही बहुधा सर्वांत शुद्ध असते. पुढची तीनशे वर्षे शिकलेला इटालियन लिहिताना 'एल्यी' म्हणे आणि बोलताना 'लुइ'.

हा दुभंग मिटविण्याचे मोठे काम एका कादंबरीने केले. आलेस्सांद्रो मान्झोनींची 'ई प्रोमेस्सी स्पोझी' (वाग्दत्त वधूवर) १८२७ साली पुरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मान्झोनी मिलानहून फ्लॉरेन्सला गेले, तिथले सुशिक्षितांचे बोलणे त्यांनी ऐकले आणि संपूर्ण कादंबरी पुन्हा लिहायला घेतली. आर्नो नदीत कपडे धुऊन काढले, असे तिचे वर्णन रूढ आहे. १८४० ते १८४२ या काळात ती नव्याने निघाली. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचावेत आणि केवळ सर्वनामांकडे पाहावे. 'एल्यी' आणि 'एल्ला' पानोपानी नाहीसे झालेले दिसतात. कुठे त्यांच्या जागी बोलीतला 'लुइ' वा 'लेइ' आला, कुठे पात्राचे नावच आले, आणि पुष्कळ ठिकाणी काहीच आले नाही; क्रियापद एकटे उभे राहिले. आणखी एक बदल याच जातीचा. जुन्या साहित्यिक भाषेत 'मी जात होतो' आणि 'तो जात होता' या दोहोंसाठी 'आन्दावा' हे एकच रूप होते, त्यामुळे 'इओ' म्हणणे भाग पडे. मान्झोनींनी प्रथमपुरुषासाठी फ्लॉरेन्सचे 'आन्दावो' स्वीकारले. एका स्वराने प्रत्यय सबळ झाला आणि 'मी'ला मागे सरता आले.

मान्झोनींना संबोधनाच्या सर्वनामांचीही नेमकी जाण होती. कथा सतराव्या शतकातली, स्पॅनिश अमलाखालच्या लोंबार्दीतली. तिथे तिन्ही सर्वनामे एकाच वेळी वावरतात. सहाव्या प्रकरणात फ्रा क्रिस्तोफोरो हा भिक्षू दोन रोद्रिगो या जुलमी सरदाराकडे लुचीयासाठी विनवायला जातो. सरदार आरंभी थंड सभ्यतेने 'लेइ' वापरतो. भिक्षू विषयाला हात घालताच तो 'वोइ'वर उतरतो, आणि शेवटी शिव्या घालून हाकलताना 'तू'वर. इकडे भिक्षूही 'लेइ'ची नम्रता टाकून 'वोइ' म्हणू लागतो, पण त्याचा चढता संताप नैतिक आहे. एकच सर्वनाम एकाच्या तोंडी अधोगती आणि दुसऱ्याच्या तोंडी धैर्य. विशेष म्हणजे हे सारे बव्हंशी क्रियापदांच्या शेवटांतून आणि अन्य विभक्तींच्या रूपांतून कळते; उच्चारलेला कर्ता क्वचितच. भाषांतरात हा प्रवेश फिका पडतो तो यामुळेच. मराठीत 'आपण', 'तुम्ही', 'तू' अशी तीन पायऱ्यांची उतरण सिद्ध आहे, तेव्हा मराठी भाषांतरकाराला ही अडचण येऊ नये.

१८६१च्या एकीकरणाच्या वेळी इटालियन बोलू शकणारे किती होते? तुल्लियो दे माउरो यांनी १९६३ साली शेकड्याला अडीच असा अंदाज दिला. पुढे कास्तेल्लानी यांनी तो दहाच्या आसपास नेला. कोणताही धरला तरी उरलेल्या देशाला भाषा शाळेतून मिळायची होती, आणि शाळेत मान्झोनी होते. तरीही शाळेच्या व्याकरणात 'एल्यी' टिकलाच. फ्रान्चेस्को सबातिनींनी १९८५ साली सर्वसाधारण वापरातल्या इटालियनची लक्षणे मांडली, त्यांत कर्तृस्थानीचा 'लुइ' हे लक्षण म्हणून नोंदवावे लागले. बेम्बोंना जाऊन तोवर सव्वाचारशे वर्षांवर काळ लोटला होता.

आता १९३८. १५ जानेवारीला 'कोर्रिएरे देल्ला सेरा' या मिलानच्या दैनिकात ब्रूनो चिकोन्यानी या फ्लॉरेन्सच्या कादंबरीकाराचा 'लेइ' रद्द करा, असे सांगणारा लेख आला. मुद्दा असा की 'लेइ' ही स्पॅनिश गुलामीची देणगी आहे, लाचार आहे, बायकी आहे; रोमन परंपरा 'तू'ची, आणि आदर व अधिकारक्रम दाखवायचा तर 'वोइ'. इतिहास म्हणून हे कच्चे होते. स्पॅनिश अमलाने 'लेइ'ला बळ दिले हे खरे; स्पॅनिशमधले 'उस्तेद' हेही अशाच एका स्त्रीलिंगी पदवीतून आले आहे. पण 'लेइ'चे बी स्पॅनिशांच्या आधीच इटालियन दरबारांत पडले होते. आणि एका माणसाला अनेकवचनी 'वोइ' म्हणणे हे अभिजात रोमनांना कधी सुचले नसते. त्याचे जवळचे नातेवाईक शोधायचे तर फ्रेंचांच्या 'वू'कडे जावे लागेल. परकीय म्हणून एक टाकले आणि शेजाऱ्यासारखे दुसरे घेतले.

परंतु सत्तेला इतिहास तपासायचा नव्हताच. पक्षाचे सचिव आकिल्ले स्ताराचे यांनी कल्पना उचलली आणि आदेश निघू लागले : पक्षात व युवक संघटनांत समवयस्कांना 'तू', वरिष्ठांना 'वोइ', मग सरकारी कार्यालये, शाळा, चित्रपटांतील संवाद. 'लेइ' नावाचे स्त्रियांचे एक साप्ताहिक होते. त्या नावाचा अर्थ केवळ 'ती'. आदराशी त्याचा संबंध नव्हता. तरी ते बदलून 'आन्नाबेल्ला' करण्यात आले. १९३९ साली तूरिनमध्ये 'लेइ'विरोधी प्रदर्शन भरले. विनोदी नट तोतोने गालिलेओ गालिलेइचा 'गालिलेओ गालिवोइ' करून टाकला, अशी कथा आहे.

आम्हांला या प्रकरणातली खरी गोष्ट निराळीच वाटते. 'लेइ' हा शब्द बोलण्यात फारसा येतच नव्हता. दुकानात शिरणारा माणूस 'स्कूझी' (माफ करा) म्हणे, दार उघडणारा 'वेंगा' (या) म्हणे. 'लेइ' त्या प्रत्ययांत दडलेली असे. म्हणून बंदी पाळायची तर शब्द टाळून भागत नव्हते. 'स्कूझी'चे 'स्कूझाते', 'वेंगा'चे 'वेनीते', 'आर्रिवेदेर्ला'चे 'आर्रिवेदेर्वी', असे प्रत्येक क्रियापद जिभेवर वळवावे लागे. एखादा शब्द निषिद्ध ठरला तर माणूस त्याच्याभोवती वळसा घालून जातो. इथे मागणी वाक्याच्या कण्याकडेच होती. उत्तरेतल्या शिक्षकाला वा कारकुनाला आपण प्रत्येक वाक्यात आज्ञा पाळीत आहोत याची जाणीव होत राहावी, हाच त्या आदेशाचा हेतू असावा असे आम्हांला वाटते. आणि दक्षिणेतल्या ज्यांच्या तोंडी 'वोइ' पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांच्या साध्या सौजन्यालाही आता पक्षाचा वास येऊ लागला. क्रोचेंची अडचण ती हीच. गप्प राहूनही 'वोइ' म्हटल्यासारखेच होणार होते, कारण त्यांचे क्रियापद 'वोइ' म्हणत होते.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे आणि इटलीत त्यावर पुष्कळ हसून झाले आहे. पण २५ ऑक्टोबर १९३८ रोजी पक्षाच्या राष्ट्रीय मंडळापुढे बोलताना मुसोलिनीने मध्यमवर्गाच्या पोटात मारलेल्या तीन गुद्द्यांचा हिशेब दिला, तो ध्यानात घ्यावा. 'लेइ'ची हकालपट्टी, सैन्यासाठी रोमन पद्धतीचे संचलन, आणि वंशाचा प्रश्न. एकाच दमात, एकाच यादीत. त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, ज्यू विद्यार्थ्यांना व शिक्षकांना शाळा-विद्यापीठांतून काढून टाकणारे हुकूम निघाले होते. नोव्हेंबरात वंशकायदा आला. सर्वनामाची मोहीम पोरकट होती आणि वंशाची भीषण, असे आपण दोन कप्पे करतो. करणाऱ्याने केले नव्हते.

हुकमांमुळे जागा गेलेल्यांत बेन्व्हेनूतो तेर्राचीनी होते, तूरिन विद्यापीठातले भाषाविज्ञानाचे प्राध्यापक. ज्या शहरात वर्षभराने 'लेइ'विरोधी प्रदर्शन भरले, त्याच शहरातले. पुढे ते अर्जेंटिनात तुकुमानच्या विद्यापीठात शिकवीत राहिले आणि महायुद्ध संपल्यावर तूरिनला परतले. १९६३ साली निघालेल्या त्यांच्या एका ग्रंथाचे नाव मराठीत सांगायचे तर 'मुक्त भाषा आणि भाषिक मुक्ती' असे होईल. आपल्याकडे भाषाविज्ञानाच्या संदर्भसूचींत हे नाव दिसत नाही, याची खंत वाटते.

२५ जुलै १९४३ला मुसोलिनीची सत्ता गेली आणि त्याबरोबर 'वोइ'चा आदेशही. 'लेइ' परतली, ती इतकी सहज की मधली पाच वर्षे जणू नव्हतीच. 'वोइ' दक्षिणेत, विशेषतः जुन्या पिढीत, आजही ऐकू येते. अन्यत्र एका व्यक्तीला 'वोइ' म्हणणे मागे पडले, त्याला त्या पाच वर्षांची आठवण काही अंशी तरी कारण असावी. १९६८नंतरच्या पिढ्यांनी 'तू'ची हद्द वाढविली, तीही परिपत्रकावाचून. त्या साप्ताहिकाला मात्र त्याचे पहिले नाव मिळाले नाही. युद्धानंतरही कित्येक वर्षे ते 'आन्नाबेल्ला' याच नावाने निघत राहिले.